कॉवेलची 'द बॅन्शी' कशी वाजवावी: तारा, बारा अक्षरे आणि पियानोची काळजी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पियानोवर हात बऱ्यापैकी बसला आहे, ग्रँड पियानो वापरायला मिळतो आणि हेन्री कॉवेल या अमेरिकन संगीतकाराची 'द बॅन्शी' कार्यक्रमात वाजवायची आहे. तारांना थेट हात लावल्याने वाद्य बिघडेल का, स्वरलिपीवरच्या ए, बी, सी अशा अक्षरांचा नेमका अर्थ काय, आणि सराव कुठून सुरू करायचा?

वाद्याची भीती आधी दूर करू. बोटे स्वच्छ आणि कोरडी असतील, हातात अंगठी-घड्याळ नसेल आणि डँपरना, म्हणजे तारांवर टेकून त्यांचा आवाज थांबवणाऱ्या ठोकळ्यांना, धक्का लागला नाही, तर या रचनेने पियानोचे काही बिघडत नाही. तारांमध्ये काही अडकवायचे नसते, धातूचे काही वापरायचे नसते. बोट, नख आणि तळहात एवढ्यावरच सगळे चालते. हेळसांड होते ती रचनेची. तारांवर हात फिरवला की अंगावर काटा आणणारा आवाज निघतोच, मग कागदावर काय लिहिले आहे ते कशाला बघायचे, अशा समजुतीने ती बरेचदा वाजवली जाते. 'बॅन्शी'त सूर लिहिलेले आहेत, मात्रा लिहिलेल्या आहेत, आवाजाचे चढउतार लिहिलेले आहेत, आणि शिवाय प्रत्येक सूर कसा काढायचा याचे अक्षर त्याच्या डोक्यावर आहे. एखादी एट्यूड, म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना, वाचावी आणि बसवावी तशीच ही बसवायची. पुढचे सगळे त्याच दृष्टीने सांगतो आहे.

कॉवेल १८९७ साली कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे जन्मला. वडील आयर्लंडहून आलेले, आणि आयरिश दंतकथांची ओढ त्याला पुढेही कायम राहिली. तरुणपणीच तो मूठ, तळहात आणि कोपरापर्यंतचा हात वापरून शेजारशेजारच्या पट्ट्या एकदम दाबू लागला. हेच त्याचे टोन क्लस्टर. तिथून तो तारांकडे वळला: 'एओलियन हार्प' साधारण १९२३ ची, 'द बॅन्शी' १९२५ ची. अशा वादनाला तो 'स्ट्रिंग पियानो' म्हणत असे. आयरिश लोकसमजुतीत बॅन्शी ही मरणाच्या वेळी जीवाला न्यायला येणारी परलोकातली बाई. माणसांच्या जगात तिला राहवत नाही म्हणून ती विलाप करते, असे कॉवेल समजावून सांगत असे. वाजवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की ती कुणाला भिववायला आलेली नाही, तिला इथे यातना होत आहेत. रचनेतला आवाज हळूहळू का वाढतो आणि शेवटी पुन्हा का मावळतो, ते यावरून कळते.

आता पियानो. 'बॅन्शी' ग्रँडवरच होते. अपराइटमध्ये तारा उभ्या असतात, समोर हातोड्या आणि त्यांची सगळी यंत्रणा येते, आणि तारेच्या लांबीवरून बोट ओढायला जागाच उरत नाही. खालची फळी काढून खर्जाच्या तारांचा थोडा भाग हाती लागतो, पण त्यावर बारापैकी चार-पाच प्रकारसुद्धा धड जमत नाहीत. डिजिटल पियानोचा प्रश्नच येत नाही. ग्रँडमध्येही लांबीने फरक पडतो. पाच फुटी पियानोच्या खर्जाच्या तारा आखूड असतात, घसट लवकर संपते आणि गुंजन तोकडे राहते. सात फुटांच्या पुढे रचना खुलते. सभागृहातला २७४ सेंटिमीटरचा कॉन्सर्ट ग्रँड मिळाला तर उत्तमच, पण घरच्या लहान ग्रँडवर सराव करून थेट त्यावर जाऊ नका. तारांची लांबी, चौकटीच्या आडव्या-तिरप्या दांड्या आणि डँपरची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. प्रत्यक्ष वाद्यावर निदान दोन तास मिळायलाच हवेत.

उभे राहायचे ते पियानोच्या उजव्या बाजूला जो बाक आहे, म्हणजे कड जिथे आत वळते, त्या बाकात. कॉवेलची सूचनाच तशी आहे. दुसरी व्यक्ती पट्ट्यांसमोर बसते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत उजवे पेडल, म्हणजे डँपर उचलणारे पेडल, दाबून धरते. पेडलखाली लाकडी पाचर ठोकून किंवा त्यावर वजन ठेवून भागवायचा मोह होतो, तो टाळा. पाचर अर्ध्यात सरकली तर डँपर अर्धवट खाली येतात आणि सगळ्या खर्जात झुरळ फिरल्यासारखी झर्र सुरू होते. माणूस ते पायाला जाणवताच सावरतो. त्याने पेडल पूर्ण खोलवर दाबावे, पण झटक्याने नव्हे. झटक्याने दाबले की सगळे डँपर एकदम सुटतात आणि तारांचा 'हुश्श' असा उसासा सभागृहभर ऐकू येतो. वादकाने हात वर घेण्याआधी सात-आठ सेकंद सावकाश दाबून तो उसासा विरू द्यावा. शेवटी तुम्ही मान हलवल्याशिवाय पाय उचलू नये, हेही आधीच ठरवून ठेवा. मदतनीस संगीत वाचणारा असेल तर बरे. नसला तरी चालतो, पण बैठक करकरणारी नको. पेडल दाबलेले असताना २००हून अधिक तारा मोकळ्या असतात आणि खुर्चीची एक करकरसुद्धा त्या परत ऐकवतात.

झाकण शक्य असेल तर पूर्ण काढा. ते जड असते, बिजागरीच्या खिळ्या काढून दोघांनी मिळून उचलावे लागते, आणि हे काम सभागृहाच्या माणसांवर किंवा ट्यूनरवर, म्हणजे पियानो जुळवणाऱ्यावर, सोडावे. झाकण काठीवर उभे ठेवूनही वाजवता येते. मात्र बाकात तुम्ही झाकणाच्या सावलीत असता आणि काळ्या-करड्या तारांत नेमकी तार ओळखणे अवघड होते. अशा वेळी चौकटीबाहेर एखादा छोटा दिवा लावून घ्या. पियानोच्या आत दिवा ठेवू नका, तो तारांबरोबर थरथरतो. स्वरलिपीचा स्टँड सरकवून बाहेर काढा. कागद कुठे ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. चौकटीच्या दांड्यांवर ठेवलेला कागद तारांना जरासा टेकला की फरफरतो, तेव्हा तो विचारही नको. रचना जेमतेम अडीच मिनिटांची आहे. पाठ करणे हाच सगळ्यांत सोपा उपाय आहे.

आत वाकल्यावर काय दिसते ते ओळखीचे करून घ्या. खर्जाच्या तारा तांब्याच्या वेटोळ्यांनी मढवलेल्या असतात आणि बाकीच्या तारांच्या वरून तिरप्या जातात. अगदी खालच्या आठ-दहा सुरांना एकेक तार, त्यापुढे काही सुरांना दोन-दोन, आणि नंतर साध्या पोलादी तारा तीन-तीन. मढवलेल्या तारांचा वरचा थर पियानोप्रमाणे साधारण २० ते ३० सुरांचा असतो. तो संपतो तिथे हाताला पायरी लागते, खालच्या थरात उतरावे लागते, आणि बहुतेक वेळा तिथेच लोखंडी दांडीही आडवी येते. घसट ठेचकाळते ती याच जागी. आपल्या पियानोत ही पायरी कोणत्या सुरावर आहे, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

सुरांच्या जागी खुणा करायच्या तर त्या तारांवर करू नका. शाई, खडू, नेलपॉलिश यांचे कण तांब्याच्या वेटोळ्यांत शिरतात आणि निघत नाहीत. डँपरच्या लाकडी डोक्यावर चिकटपट्टी लावण्याची पद्धत आहे, पण ती ओढून काढताना डँपरची काडी वाकते. त्यापेक्षा तारांच्या खुंट्यांकडच्या बाजूला, लोखंडी चौकटीवर, हलक्या गोंदाचे छोटे कागदी तुकडे लावा आणि त्याच दिवशी काढा. मुंबई-गोव्याच्या उष्ण हवेत गोंद दोन दिवसांत घट्ट होतो आणि चौकटीचा सोनेरी रंग घेऊनच निघतो. खूप खुणा नकोत. ज्या सुरांवर घसट थांबायची आहे तेवढेच सूर पुरे.

स्वरलिपी उघडल्यावर पहिली ठेच लागते ती सप्तकाची. सगळी रचना लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजवायची आहे. कागदावर मधला सी हा सूर असेल तर हात त्याच्या खालच्या सीच्या तारेवर. हे विसरले तर बोट साध्या पोलादी तारांवर पडते, आणि त्यांवर लांबीने बोट ओढले की कुजबुजीपलीकडे काही ऐकू येत नाही. 'बॅन्शी'चा आवाज मढवलेल्या तारांतच आहे. याला एकच अपवाद, अक्षर डीचा, तो पुढे सांगतो. आर. एच. म्हणजे उजवा हात आणि एल. एच. म्हणजे डावा. हात कोणता हेही लिहिलेले आहे आणि ते पाळण्यासारखे आहे, कारण एक हात घसट संपवत असताना दुसरा पुढच्या तारेवर जाऊन बसलेला असावा लागतो.

लांबीने बोट ओढले की आवाज कसा येतो, ते समजून घेतले तर निम्मा सराव वाचतो. हातोडी तारेला मारते तेव्हा तार आडवी हलते. पियानोच्या सर्वांत खालच्या ए या सुराची ही कंपने सेकंदाला २७.५. बोट तारेच्या लांबीने ओढले की तार स्वतःच्या लांबीच्या दिशेने, ताणल्या-दबल्यासारखी कंप पावते, आणि त्या कंपनांचा वेग आडव्या कंपनांच्या साधारण १२ ते २० पट असतो. म्हणून अगदी खर्जाच्या तारेतून मधल्या सप्तकातली किंकाळी निघते. ही दुसरी कंपने तारेच्या ताणावर अवलंबून नसतात, लांबीवर आणि धातूवर असतात. त्यामुळे ट्यूनर ती जुळवू शकत नाही, आणि दोन पियानोंची 'बॅन्शी' कधीच एकसारखी ऐकू येत नाही. शिवाय वेटोळ्यांची खडखड वेगळी. वेटोळ्याची तार १ मिलिमीटर जाडीची धरली तर एका सेंटिमीटरमध्ये १० वेटोळी येतात. सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने नख ओढले तर ते ३०० वेटोळ्यांवर आदळते. वेग वाढवला की हा आवाज चढतो, कमी केला की उतरतो. मांसल पेर एका वेळी कितीतरी वेटोळ्यांवर पसरलेले असते, म्हणून त्याचा आवाज गोल, कण्हल्यासारखा. नखाची कड एकेक वेटोळे मोजते, म्हणून ते खरवडते. कॉवेलने पेर आणि नख यांना वेगवेगळी अक्षरे दिली ती यासाठीच.

आता अक्षरे. सुरांची नावेही ए, बी, सी अशीच असल्याने घोटाळा होतो, म्हणून खाली 'अक्षर' म्हटले की वाजवण्याची पद्धत समजावी.

अक्षर ए: सर्वांत खालच्या तारेपासून दिलेल्या सुरापर्यंत, तारांना आडवे, बोटाच्या पेराने सारायचे. स्वरमंडलावर बोट फिरवतो तेच, पण नखी नाही आणि एकेक सूर वेगळा कळता कामा नये. दाब जास्त झाला की तारा एकामागून एक टणटण वाजतात आणि धुके नाहीसे होते. बोट तारांशी साधारण ४५ अंशांत, सैल, पुढच्या दिशेला किंचित कललेले ठेवा. थांबायचे मात्र अचूक. पेडल दाबलेले असल्याने एक तार जास्त छेडली गेली तर ती परत घेता येत नाही, पुढचे दहा सेकंद ती वाजतच राहते.

अक्षर बी: दिलेल्या सुराच्या तारेवर लांबीने पेर ओढायचे. रचनेचा प्राण इथे आहे आणि सरावाचा अर्धा वेळ यालाच द्या. सूर दोन तारांचा असेल तर पेर दोन्हींवर बसले पाहिजे. एकीवरून घसरले तर आवाज निम्मा होतो. ओढण्याची दिशा बाकात उभ्या माणसाला आपल्याकडे सोयीची पडते, कारण खर्जाच्या तारा तिरप्या येऊन बाकाच्या बाजूलाच झुकलेल्या असतात. सूर जितका लांब लिहिला आहे तितका वेळ बोट चालत राहायला हवे. हाताच्या पल्ल्यात तार ६० सेंटिमीटर येत असेल आणि सूर दोन सेकंदांचा असेल, तर वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर. चार सेकंदांचा असेल तर १५. हा हिशेब प्रत्येक सुरासाठी करून ठेवा. न केल्यास लांब सुरांत बोट अर्ध्या वाटेत घोडीला, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिला, जाऊन टेकते आणि विलाप तुटतो.

अक्षर सी: रचनेत आलेल्या सर्वांत खालच्या एपासून सर्वांत वरच्या बी फ्लॅटपर्यंत आडवे जायचे आणि परत यायचे. ही हद्द सगळ्या रचनेसाठी एकच आहे, तेव्हा या दोन तारांच्या खुणा पक्क्या हव्यात.

अक्षर डी: तार पेराने छेडायची, आणि हाच तो अपवाद. इथे सप्तक खाली घ्यायचे नाही, जिथे लिहिले आहे तिथेच वाजवायचे. अनेक वादक इथे चुकतात, कारण तोवर हाताला एक सप्तक खाली पाहायची सवय झालेली असते. त्या तारांसाठी वेगळ्या रंगाची खूण ठेवा.

अक्षर ई म्हणजे बीसारखेच, पण तीन सूर एकत्र. अक्षर एफ हेही बीच, फक्त पेराऐवजी नखाच्या पाठीने. नखाची कड नव्हे, नखाची बाहेरची गुळगुळीत पाठ, म्हणजे बोट उलटे करावे लागते. नख मांसाच्या पुढे दोनेक मिलिमीटर पुरते. त्याहून लांब असेल तर वेटोळ्यांत अडकून तुटते.

अक्षर जी हे बारांमधले सगळ्यांत नाजूक. एफप्रमाणे नखाने ओढत असताना, नख तारेच्या साधारण मध्यावर आले की दुसऱ्या हाताचे पेर त्याच तारेवर ओढायला सुरुवात करायची. त्यामुळे नखाचा खरखरीत आवाज अर्धवट दबतो. दुसरे बोट दाबून ठेवले तर आवाज बंदच पडतो. ते हलके आणि चालते हवे, तरच किंकाळी गिळल्यासारखी होते. दोन्ही हात वेगवेगळे बसल्याशिवाय हे जोडून पाहू नका.

अक्षर एच: सीसारखेच पुढे-मागे सारणे, पण एक हात खालून आणि दुसरा वरून एकाच वेळी निघतो आणि मध्ये एकमेकांना ओलांडतात. हात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून आधीच ठरवा: एका हाताने घोडीकडच्या भागात चालायचे आणि दुसऱ्याने डँपरकडच्या. दोन्ही वाटा समांतर राहिल्या की ओलांडणे आपोआप होते. डँपरकडच्या हाताने मात्र डँपरपासून चार बोटे अंतर राखावे.

अक्षर आय: पाच सुरांवर एकदम लांबीने, पेरांनी. अक्षर जे: तेच नखांच्या पाठींनी. अक्षर के: जेसारखे, दोन्ही हातांच्या नखांनी, दिलेल्या दोन टोकांच्या मधल्या सगळ्या तारांवर. अक्षर एल: सीसारखे आडवे सारणे, पण एका बोटाऐवजी सपाट तळहाताने. अक्षर केचा आवाज सगळ्यांत मोठा होतो. तो खांद्यातून यावा, मनगट ताठ करून नव्हे. ताठ मनगटाने नखे उड्या मारतात आणि आवाजाचे तुकडे पडतात.

सरावाचा क्रम. पहिले काही दिवस पेडल दाबायचेच नाही. डँपर खाली असताना आडवी घसट केली की प्रत्येक तार कोरडी टिकटिकते, आणि आपण कुठे सुरू केले, कुठे थांबलो हे स्वच्छ ऐकू येते. अक्षर ए, सी आणि एच असेच बसवा. मग फक्त पाय घालून, हात न लावता, पियानोचे गुंजन ऐका. किती वेळ टिकते, खोलीतले काय काय परत ऐकू येते, ते ओळखीचे होऊ द्या. त्यानंतर अक्षर बी, एकाच तारेवर, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) ६० वर लावून, दोन मात्रा, चार मात्रा. दिवसाला १५-२० मिनिटांपेक्षा जास्त नको. पेर तापते, लाल होते, आणि फोड आला तर आठवडा जातो. फोडावर पट्टी लावून वाजवता येत नाही, कारण कापडाचा आवाज पेराचा आवाज नव्हे. बोट काळे पडते, त्याची काळजी नको, ते तांब्याचे आहे.

हे सगळे एकदम जड वाटत असेल तर आधी 'एओलियन हार्प' बसवा. तिथे एका हाताने पट्ट्या आवाज न करता दाबायच्या आणि दुसऱ्याने तारांवरून सारायचे, म्हणजे दाबलेल्या पट्ट्यांचेच सूर वाजतात. खाली जाणारी पट्टी साधारण १० मिलिमीटर उतरते आणि शेवटाजवळ बोटाला एक बारीक खाच लागते. ती खाच सावकाश ओलांडली तर हातोडी तारेला लागत नाही, घाई केली तर ठक् होते. ही रचना गोड आहे, सुरेल आहे, आणि पियानोच्या पोटात हात घालायची भीती तीच घालवते. कार्यक्रमातही दोन्ही पाठोपाठ ठेवाव्यात, 'हार्प' आधी.

आवाजाच्या चढउताराबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण सादरीकरण बसते किंवा फसते ते इथेच. पेडल सतत दाबलेले असल्याने आधीचा प्रत्येक आवाज पुढच्याखाली उरलेला असतो. सुरुवातीची अक्षर ए आणि बीची जोडकामे मध्यम आवाजात केली तरी अर्ध्या मिनिटात गढूळ थर साचतो, आणि मग वाढ करायला जागाच राहत नाही. सुरुवात इतकी हळू हवी की पहिल्या रांगेलाही कान द्यावा लागेल. वाढ मुख्यतः अक्षर आय, जे आणि के यांतून येते, तिथे हात आखडू नका. आणि त्यानंतर आवाज उतरतो तेव्हा तारांना त्यांच्या गतीने विरू द्या. पुढची हळू घसट त्या शिल्लक आवाजाच्या खाली बुडते आहे असे वाटले तर ती जोरात करू नका, मात्रा मोजत राहा. गुंजन ओसरले की ती आपोआप वर येते. लय सोडून थांबत थांबत वाजवणे हा या रचनेवर होणारा सगळ्यांत मोठा अन्याय आहे. विलाप अनावर वाटतो तो त्यामागे न थांबणारी लय असते म्हणून.

माइक लावायचाच असेल तर खर्जाच्या तारांवर ३०-४० सेंटिमीटर उंचीवर जोडी पुरते. ध्वनिव्यवस्थापकाला आधीच अक्षर के वाजवून दाखवा. सुरुवातीच्या हळू घसटीवर त्याने पातळी ठरवली तर मधला भाग फाटणार. लहान सभागृहात माइक नकोच. पंखे मात्र बंद करायला सांगा.

परवानगीचा मुद्दा. पियानोच्या आत हात घालणार म्हटले की अनेक सभागृहे नकार देतात, आणि त्यामागे कारण आहे: कॉवेलकडे शिकलेल्या जॉन केजने पुढे १९४० च्या सुमारास तारांमध्ये बोल्ट, स्क्रू, रबर अडकवून 'प्रिपेअर्ड पियानो' घडवला, आणि व्यवस्थापनाला दोन्ही प्रकार एकच वाटतात. अर्जातच स्पष्ट लिहा: तारांमध्ये कोणतीही वस्तू ठेवली जाणार नाही, फक्त हात वापरला जाईल, डँपरना स्पर्श होणार नाही, वादनानंतर तारा पुसल्या जातील, ट्यूनर तपासणी करील. एवढे लिहिले की बोलणे सोपे होते. तुमच्या श्रोत्यांना ओळख करून द्यायची असेल तर एक धागा जवळचा आहे. हाच कॉवेल १९३१-३२ मध्ये बर्लिनला असताना मद्रासच्या पी. सांबमूर्तींकडून कर्नाटक संगीत शिकला, आणि त्याच्या तेराव्या सिंफनीचे नावच 'मद्रास' आहे. ती १९५९ साली मद्रासमध्ये पहिल्यांदा वाजली.

वादनाच्या दिवशी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. लोशन, तेल, टाल्कम काही नको. घाम येणाऱ्यांनी जवळ कोरडा रुमाल ठेवावा. घामातले मीठ आणि आम्ल तांबे काळवंडवते, पोलादावर गंज धरते, आणि आपल्या पावसाळ्यात हे आठवड्याभरात दिसते. वेटोळी मळली की खर्ज मुका होतो आणि तार बदलण्यावाचून इलाज राहत नाही. वरचा खिसा रिकामा करा. पेन किंवा नाणे आत पडले तर ते साउंडबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीवर, जाऊन बसते, पुढे प्रत्येक सुराला खडखडते आणि काढायला ट्यूनरच लागतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडा, चश्म्याला दोरी लावा, चौकटीवर किंवा कडेवर भार देऊन रेलू नका.

संपल्यावर लगेच दोन कामे. मऊ, कोरडा, धागे न सुटणारा कपडा घेऊन हात लागलेल्या सगळ्या तारा लांबीने पुसा, आडव्या नव्हेत, नाहीतर कपडा वेटोळ्यांत अडकतो. मग पेडल सोडून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी तुटक वाजवा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या. पट्टी सोडल्यावरही जो सूर मागे रेंगाळतो, त्याचा डँपर तारेवर नीट बसलेला नाही, म्हणजे हाताचा धक्का लागून त्याची काडी वाकली आहे. तो स्वतः सरळ करायला जाऊ नका. सुराचे नाव लिहून ट्यूनरला द्या. दोन-तीन डँपर असतील तर त्याला फार वेळ लागत नाही. खर्जात एखादी तार वाजताना भुणभुणत असेल तर तिची वेटोळी सैल झाली आहेत. जुन्या पियानोत हे आधीपासूनही असते. म्हणूनच ही पट्टीवार तपासणी वादनाच्या आधीही एकदा, सभागृहाच्या माणसासमोर, करून घ्यावी आणि सापडलेले दोष लिहून त्याची सही घ्यावी.